सात डब्यांची एक्स्प्रेस आणि इगतपुरीचे बँकर

देवळालीकर काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. एकदा चिडून, एकदा चहा घेऊन आणि एकदा हातात मोजायची टेप धरून. नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. काकांची सगळी नोकरी रेल्वेत झाली, त्यातली बरीच वर्षं इगतपुरीला. माझ्या मॉडेल रेल्वेच्या आराखड्यावर त्यांचे आक्षेप असे: स्वतःला नाशिककर म्हणवतो आणि नाशिक रोड स्टेशनच गाळतो. एक्स्प्रेस काय, तर सात डब्यांची. गाडी गोल फिरत नाही, बघावं तेव्हा उभी, मग नातवाने बघायचं काय? आणि शेवटी एकच ओळ, "गाडी ढकलत वर आलेले बँकर परत कसे उतरणार, तेवढं दाखवा."

(बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं.) या शेवटच्या ओळीने माझी झोप उडवली. तिच्याकडे येतोच, पण आधी डब्यांचा हिशेब.

माझी खोली बारा बाय दहा फुटांची, गंगापूर रोडच्या फ्लॅटमधली. प्रमाण १:८७. आपला निळा-लाल आयसीएफ डबा बफरसकट २२.३ मीटरचा, म्हणजे माझ्याकडे साडेपंचवीस सेंटिमीटर. वीस डबे आणि इंजिन लावलं की गाडी सव्वापाच मीटरच्या पुढे जाते आणि माझी लांबातली लांब भिंत साडेतीन मीटरच्या जरा वर. म्हणजे इंजिन इगतपुरीत पोचलं तरी शेवटचा डबा कोपरा वळून पुस्तकांच्या कपाटापाशी. खऱ्या स्टेशनातली ६८६ मीटरची लूप, म्हणजे गाडी उभी करायची बाजूची लाइन, मांडायची तर जवळजवळ आठ मीटर लागतात. घाटाचं तर बोलूच नका. कसारा ते इगतपुरी १६ किलोमीटर, म्हणजे १८४ मीटर रूळ. चढ सुमारे ३०० मीटरचा. तो मापात घेतला तर साडेतीन मीटरच्या जवळ जातो. कसारा माझ्या फरशीवर ठेवला की इगतपुरी वरच्या शेजाऱ्यांच्या सोफ्याखाली निघते!

तेव्हा कात्री लावायचीच आहे. सगळ्यांना सारखी लावली म्हणजे झालं. बहुतेक जण आधी गाड्या विकत घेतात आणि मग त्या मावत नाहीत म्हणून रडतात. मी आधी लूप ठरवली, २.२ मीटर. त्यात सात डबे आणि इंजिन बसतं. चौदा बॉक्सएन (कोळशाच्या उघड्या) वाघिणी, ब्रेकव्हॅन आणि इंजिन असा रेक, म्हणजे अख्खी मालगाडीही बसते. दोन्ही एकाच मापाने आखूड असल्याने एकमेकांशेजारी उभ्या केल्या की डोळा फसतो. रुळांबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मीच कबूल करतो: आपल्या ब्रॉडगेजला या प्रमाणात १९.३ मिलिमीटर रुंदी हवी, बाजारातला तयार रूळ साडेसोळाचा. तिथे मी हात टेकले.

आता नाशिक रोड. काका, त्या स्टेशनवर माझा जीव आहे. कॉलेजला असताना निम्मा वेळ तिथल्या पुलावर गेलाय. पण हँडल हातात घेऊन बसलेल्या माणसाला तिथे काम काय? गाडी येते, दोन-तीन मिनिटं थांबते, जाते. इमारत सुंदर होईल, दुसऱ्या रविवारी मात्र जांभया सुरू.

उलट इगतपुरी बघा. माझ्या मांडणीचं साल १९९५ आहे. तेव्हा मुंबईकडून इगतपुरीपर्यंत तारेत १५०० व्होल्ट डीसी आणि पुढे २५ हजार व्होल्ट एसी. डाऊन गाडी आली की मागचे बँकर सोडा, पुढचं डीसी इंजिन काढा, ते बाजूला न्या, एसी इंजिन आणून जोडा, ब्रेक तपासा. तोवर अप मेल बाहेर सिग्नलला शिट्ट्या मारतेय. (घाट चढणारी गाडी डाऊन आणि उतरणारी अप, हे माझ्या बायकोला अजून पटलेलं नाही.) पुढे १९९७ नंतर दोन्ही तारांवर चालणारी डब्ल्यूसीएएम-३ इंजिनं आली आणि त्या गाड्यांपुरती ही धावपळ गेली. म्हणून साल अलीकडे आणायला मी तयार नाही. अख्खी संध्याकाळ त्या एका स्टेशनात निघते.

दुसरं काम नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राचं. कोळसा विदर्भातून मनमाडमार्गे येतो, रिकामा रेक त्याच वाटेने परत जातो, घाटाशी त्याचा संबंधच नाही. भरलेला रेक मनमाडच्या बाजूने सायडिंगमध्ये शिरतो, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला आणावं लागतं आणि तेवढ्यात मेन लाइनवर एक्स्प्रेस हवी असते. अमेरिकन मासिकांत प्रत्येक वाघिणीचं वेगळं कार्ड करून ती गावोगाव पोचवायची पद्धत असते. आधी मीही तशी कार्डं केली होती. पण आपल्याकडे कोळसा चालतो अख्ख्या रेकने, सुट्या वाघिणीने नाही. आता एका रेकला एक कागद: कधी लावला, कधी रिकामा झाला, कधी निघाला.

खेळातलं घड्याळ मी चौपट वेगाने पळवतो, तीन तासांत बारा तास. काही जण सहापट, आठपट पळवतात, पण शंटिंगला लागतो तो खराच वेळ. एक इंजिन बदलेपर्यंत घड्याळात दुपार सरते आणि वेळापत्रकाचा चोथा होतो.

गाडी गोल का फिरत नाही? फिरते की. फ्रँक एलिसन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी लेआउटला नाटकाची उपमा दिली होती. आपल्या भाषेत गाडी म्हणजे पात्र आणि तिला विंग हवी. माझ्या दोन विंगा, मुंबई आणि मनमाड, टेबलाखाली शेजारी-शेजारी आहेत आणि एका चोररुळाने जोडल्यात. नातू आला की तिथला सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) फिरवायचा. तासभर गरागरा फिरवू दे त्याला.

आता बँकर. टेप लावली आणि चूक सापडली. गाडी दोन मीटरची, मागे बँकर म्हणून दोन डब्ल्यूसीजी-२ इंजिनं म्हणजे आणखी जवळपास अर्धा मीटर. लूप २.२. शेपूट सांध्यावर! इगतपुरीत गाडी उभी राहिली की अप लाइनही बंद. आणि सुटलेल्या बँकरना थांबायला जागाच नाही. मी ते हाताने उचलून टेबलाखाली नेणार होतो, हे इथे लिहितानाही लाज वाटते. आराखडा पाच महिने भिंतीवर होता, कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुरुस्ती अशी केली आहे: इगतपुरीची डाऊन लूप कोपऱ्याच्या वळणात ओढून २.७ मीटर, मुंबईच्या विंगेतल्या दोन लाइनी दाराच्या उचलफळीवरून तेवढ्याच लांब, आणि इगतपुरीच्या मुंबईकडच्या टोकाला साठ सेंटिमीटरचं एक पॉकेट, म्हणजे बाजूचा आखूड रूळ. बँकर त्यात उभे राहतील आणि अप गाडी पुढे निघून गेली, लाइन क्लिअर (पुढची लाइन मोकळी असल्याची परवानगी) मिळाला, की उतरतील. मालधक्का त्यापायी उडाला. वाईट वाटलं, पण उडाला.

एक मात्र अडलंय. अप मेल आणि तिच्यामागे अप मालगाडी, दोन्ही तयार आहेत, आणि खाली कसाऱ्यात डाऊन गाडी बँकरची वाट बघतेय. आधी कुणाला सोडायचं? येत्या रविवारी चारला या. इगतपुरीची खुर्ची तुमची, ओढा स्टेशनच्या खुर्चीत माझा मित्र, कंट्रोलला मी. नातवालाही आणा, चोररुळाचं बटण त्याच्याकडे. फक्त ते बँकर आधी उतरवायचे की मेल, हे घरूनच ठरवून या. मी फोनवर विचारणार आहे.