"हरकत घेऊन काही होत नाही" हा हद्दवाढीचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

शहरालगतच्या गावांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय की गाव महापालिकेत घ्यायचं एकदा वर ठरलं की ठरलं, हरकती आणि सुनावणी हा नुसता फार्स, गाव गेलं की लगेच शहराची घरपट्टी, सातबारा बंद होऊन जमीन महापालिकेची, आणि दुकानांची लायसन्स रद्द, त्यावर अपील पण नाही. शेवटची ओळ, "हरकत भरण्यात वेळ घालवू नका". ह्या ओळीचाच खरा राग येतो, कारण हरकतीची मुदत साधारण ३० दिवसांची असते आणि मेसेज वाचून माणसं घरी बसली तर ते दिवस परत येत नाहीत.

आधी फार्सचं बघू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ३ सांगतं की हद्द बदलायची तर सरकारनं महापालिकेशी सल्लामसलत करायची आणि आधी प्रारूप (म्हणजे कच्ची) अधिसूचना काढून लोकांच्या हरकती मागवायच्या, मगच अंतिम अधिसूचना. आता उल्हासनगरचं उदाहरण घ्या. १९८२ मध्ये कल्याण महापालिकेचा प्रस्ताव आला त्यात उल्हासनगर पण होतं, तिथल्या लोकांनी जोरदार विरोध केला, हरकती दिल्या, आणि १९८३ ला महापालिका झाली तेव्हा उल्हासनगर बाहेर राहिलं. त्यावरून बाकीचे कोर्टात गेले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं आणि १९८९ मध्ये कोर्टानं सांगितलं की हद्द ठरवणं हे कायदा करण्यासारखं काम आहे, त्यात प्रत्येकाला समोरासमोर म्हणणं मांडायचा हक्क नाही, कायद्यात जेवढं दिलंय तेवढंच. म्हणजे मेसेजवाल्याचं एवढं खरं की तोंडी सुनावणी होईलच ह्याची खात्री नाही. पण मग लेखी हरकतीचं वजन वाढतं की कमी होतं? जे काय आहे ते त्या कागदातच आलं पाहिजे ना.

आणि प्रक्रिया चुकली तर कोर्ट ऐकतं. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांपैकी १८ गावं वगळायची अधिसूचना २०२० मध्ये निघाली होती, मुंबई हायकोर्टानं ती त्याच वर्षी रद्द केली, महापालिकेशी कायद्याप्रमाणे सल्लामसलत झाली नाही म्हणून. पुण्याकडे बघा, २०१७ मध्ये ११ गावं घेतली, २०२१ मध्ये आणखी २३, पण त्या पहिल्या ११ मधली उरुळी देवाची आणि फुरसुंगी लोकांनी टॅक्स आणि सोयींवरून रान उठवल्यावर २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. कोल्हापुरात तर महापालिका १९७२ ची, आणि गावांच्या विरोधामुळे हद्दवाढ किती वर्षं अडकून राहिली हे तिथल्या कुणालाही विचारा.

हरकत कशी लिहायची ते मात्र नीट बघा. छापील एकच मजकूर, खाली पाचशे सह्या, ह्यानं फार काही होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आपला गट नंबर टाका, टँकर कितव्या दिवशी येतो ते लिहा, ड्रेनेजचं पाणी कुठल्या ओढ्यात जातं ते लिहा, ग्रामसभेचा ठराव जोडा. अधिसूचनेत ज्या अधिकाऱ्याचा पत्ता दिलाय तिथंच द्या, सरपंचाच्या हातात देऊन मोकळं होऊ नका, आणि आवक-जावकच्या टेबलावरनं दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका. पुढं कोर्टात जायची वेळ आली तर वकील पहिल्यांदा ती पोचच मागतो.

घरपट्टी. लगेच शहराचा दर लागतो हे चूक. त्याच महापालिका अधिनियमाच्या कलम १२९-अ प्रमाणे सुरुवातीला ग्रामपंचायतीचाच दर आणि मग दरवर्षी २० टक्क्यांच्या टप्प्यानं वाढ. शेवटी बोजा पडतोच, फुरसुंगीची तक्रार खोटी नव्हती, पण तयारीला वेळ मिळतो.

सातबारा. हद्दीत गेल्यानं मालकी बदलत नाही. सिटी सर्व्हे झाला की सातबाऱ्याच्या जागी प्रॉपर्टी कार्ड येतं, नाव तुमचंच. खरी भीती विकास आराखड्यातल्या आरक्षणाची, म्हणजे रस्ता, शाळा, बाग अशा कामासाठी तुमची जागा राखून ठेवण्याची आहे आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाहीये. आराखडा प्रसिद्ध झाला की तिथं वेगळी हरकत घ्यायची, तिची सुनावणी नियोजन समितीपुढे होते, आणि आरक्षण पडून १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर एमआरटीपी म्हणजे नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची, जागा घ्या नाहीतर आरक्षण सोडा अशी नोटीस देता येते.

राहिलं लायसन्स. शॉप अ‍ॅक्ट कामगार खात्याकडे, खाण्याच्या धंद्याचा परवाना एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन), दारूचा उत्पादन शुल्ककडे, गाव महापालिकेत गेलं म्हणून ह्यातलं काहीच आपोआप रद्द होत नाही. महापालिकेचा वेगळा परवाना लागणारे धंदे असतात, ते काढून घ्यायचे. आणि अपील नाही हे तर धादांत खोटं. दारूच्या परवान्यात कलेक्टरच्या आदेशावर आयुक्तांकडे अपील आहे. हातगाडीवाल्यांसाठी २०१४ चा फेरीवाला कायदा आहे, सर्व्हे होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, आणि तक्रार निवारण समितीवर माजी न्यायाधीश बसवायची तरतूद आहे. हॉटेलवाल्याला एफडीएची सुधारणा नोटीस आली तर अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपिलाला जास्तीत जास्त १५ दिवस असतात, त्यामुळे पाकीट हातात पडल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात अपिलाचा कागद तयार करा.