दोष लॅपटॉपचाच, नवीन घ्या!

गणपती तोंडावर आलेत, मंडळाचं गाणं अजून मिक्स व्हायचंय, क्युबेसमध्ये (गाणं रेकॉर्ड आणि मिक्स करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ८० ट्रॅकचा प्रोजेक्ट उघडलाय आणि प्ले दाबलं की ढोल-ताशाच्या आधी स्पीकरमधून कडकड येतेय. घाबरू नका. ही कडकड जपायची असते. ती गेली तर लॅपटॉप जुना झाला असं घरी कुठल्या तोंडाने सांगणार आणि नव्याचे पैसे कशाच्या जोरावर मागणार? फक्त सावध राहावं लागतं, कारण थोडीशी चौकशी केली तरी ती तासाभरात बंद पडायची भीती असते.

चौकशी म्हणजे काय, तर कडकड नेमकी कुठली आहे ते बघणं. गाण्यातले तेच चार बार (मात्रांचे गट) लागोपाठ तीनदा वाजवून ऐकले की अर्धं गुपित फुटतं. दर वेळी त्याच जागी 'टक्' होत असेल तर प्रोसेसरचा काही संबंध नाही. तिथे ऑडिओ क्लिप मधेच कापलेली असते आणि तिच्या टोकाला ३ ते ५ मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) दिला की विषय संपला. फक्त मोठ्या आवाजाच्या जागी फाटत असेल तर लेव्हल शून्य डेसिबलच्या वर गेलेली असते. ठरावीक अंतराने टिकटिक होत असेल तर क्लॉकचा, म्हणजे यंत्रांची वेळ जुळवणाऱ्या ठोक्याचा, घोळ: इंटरफेस (माइक-स्पीकर लॅपटॉपला जोडणारं यंत्र) बाहेरच्या डिजिटल क्लॉकवर लावून ठेवलाय आणि तिकडून काही येतच नाही, किंवा एक यंत्र ४४.१ किलोहर्ट्झवर आणि दुसरं ४८ वर. दर वेळी वेगळ्याच जागी कडकडलं, तर तो खरा ड्रॉपआउट, म्हणजे कॉम्प्युटरचं गणित वेळेत पुरं झालेलं नाही. एवढं कळलं की माणूस योग्य ठिकाणी हात घालतो, म्हणून ही परीक्षा घ्यायचीच नाही. चारही आजारांना "सीपीयू पुरत नाही" हे एकच नाव द्यायचं.

आता बफर, म्हणजे एका खेपेला आवाजाचे जेवढे नमुने (सॅम्पल) मोजून इंटरफेसकडे द्यायचे तो गठ्ठा. तो ६४ सॅम्पलवर ठेवा आणि तिथून हलवू नका. ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पल म्हणजे १.३३ मिलिसेकंद. एवढ्या वेळात सगळे ट्रॅक, त्यांच्यावरचे प्लगिन (आवाज घडवणारी छोटी सॉफ्टवेअरं), सगळ्या बस (अनेक ट्रॅक एकत्र आणणाऱ्या वाटा) आणि मास्टर (सगळ्यात शेवटची वाट) यांचं गणित उरकून इंटरफेसच्या हातात पडलं पाहिजे, आणि तेही सेकंदाला ७५० वेळा. त्यातली एक वेळ चुकली की कडकड. बफर १०२४ केला तर हाच वेळ २१.३३ मिलिसेकंद होतो, आणि मिक्स करताना त्याने कुणाचं काही बिघडत नाही, कारण तेव्हा माइकसमोर गाऊन आपलाच आवाज उशिरा ऐकणारं कुणी नसतं. पण १०२४ हा आकडा चारचौघांत सांगायला बरा दिसतो का? रेकॉर्डिंगला १२८ आणि मिक्सिंगला १०२४ अशी अदलाबदल करणं तर चंचल माणसाचं लक्षण. (ढोलापासून दहा फुटांवर उभ्या असलेल्या माणसाला आवाज सुमारे ९ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि तो तरीही ठेक्यात नाचतो, हा मुद्दा इथे कुणी काढू नये.)

जमल्यास सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) ९६ किलोहर्ट्झ करा. सेकंदाला गणित दुप्पट होतं आणि ६४ सॅम्पलसाठी मिळणारा वेळ ०.६७ मिलिसेकंदांवर येतो. शेवटी हे गाणं वाजणार आहे मंडळाच्या स्पीकरच्या भिंतीतून. तिथे २० किलोहर्ट्झच्या वरचे बारकावे हरवले तर केवढा अनर्थ! ड्रायव्हरचंही तसंच. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (सॉफ्टवेअर आणि इंटरफेस यांच्यातला थेट दुवा) साइटवर फुकट मिळतो, म्हणूनच त्याला किंमत देऊ नका. पूर्वी कधीतरी टाकलेला 'एएसआयओ फॉर ऑल' चालतोय ना? तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर पांघरूण घालून काम भागवतो. भागतंय तोवर भागवा.

मग टास्क मॅनेजर उघडा आणि तिथे सीपीयू २३ टक्के दिसला की जोरात ओरडा: "२३ टक्क्यांत कडकड? सॉफ्टवेअरच भंगार!" हा आकडा प्रोसेसरच्या सगळ्या कोअरची (एकाच वेळी वेगवेगळी कामं करणाऱ्या भागांची) सरासरी आहे, आणि तीही बऱ्याच मोठ्या काळाची, हे मनात आणू नका. क्युबेसमध्ये एफ१२ दाबल्यावर जी खिडकी उघडते तिच्यात रिअल-टाइमचा वेगळा मीटर असतो, आणि खरी बोंब तिथे दिसते. एका ट्रॅकवरचे प्लगिन एकामागून एकच चालतात. पहिल्याचं उत्तर आल्याशिवाय दुसऱ्याला सुरुवात करता येत नाही. बँकेत एकाच खिडकीवर रांग लागावी तसं: शेजारच्या सात खिडक्या रिकाम्या असोत, तुमचा नंबर त्यांच्याकडे जात नाही. म्हणून मास्टरवर नऊ प्लगिन रचा. ढोलाचा ग्रुप, तो तालवाद्यांच्या ग्रुपमध्ये, तो 'सगळं वाजप' नावाच्या ग्रुपमध्ये, आणि तो मास्टरमध्ये, अशी उतरंड लावा आणि प्रत्येक पायरीवर एक जड कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारा प्लगिन) बसवा. १६ कोअरचा प्रोसेसर घेतलात तरी ही साखळी एका वेळी एकाच कोअरवर रखडेल. कडकडीसाठी यापेक्षा भक्कम पाया नाही.

एक फार नाजूक जागा आहे, ती मात्र सांभाळा. क्युबेसमध्ये एएसआयओ-गार्ड नावाची सोय आहे. ज्या ट्रॅकवर आत्ता कुणी गात-वाजवत नाही, त्यांचं गणित ती आधीच उरकून ठेवते, त्यामुळे अवघड जागा आली तरी हातात वेळ शिल्लक असतो. या आगाऊपणावर उपाय आहे: ट्रॅकचं मॉनिटरचं बटण चालू राहू द्या. ते दाबलेलं असलं की त्या ट्रॅकला लगेच आवाज द्यावा लागतो, म्हणून तो गार्डमधून निघून थेट १.३३ मिलिसेकंदांच्या मुदतीत येतो. इन्स्ट्रुमेंट ट्रॅक रेकॉर्डला लावून ठेवला तरी तेच. बहुतेक स्टुडिओंत सकाळी घेतलेल्या हार्मोनियमचं पिवळं बटण रात्री मिक्स करतानाही पेटलेलंच असतं. ही परंपरा मोडू नका. (ॲपलचं लॉजिक हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तर बटणही लागत नाही. सॉफ्टवेअर इन्स्ट्रुमेंटचा ट्रॅक नुसता निवडलेला राहिला तरी तो लाइव्ह धरला जातो. रिकामा ऑडिओ ट्रॅक निवडला की मीटर खाली येतो. निवडू नका.)

प्लगिनच्या सेटिंगमध्ये जाऊन ओव्हरसॅम्पलिंग (आतलं गणित वाढीव सॅम्पल रेटने करणं) सगळीकडे ८ पट करा. आवाज मुद्दाम थोडा फाडणाऱ्या सॅच्युरेशनला किंवा तो ठरल्या पातळीवर रोखणाऱ्या लिमिटरला त्याचा उपयोग असतो, कारण तिथे नवे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) तयार होऊन, सॅम्पल रेटमध्ये न मावल्याने, खाली दुमडून येतात. पण तुम्ही भेदभाव कशाला करता? ९६ च्या आठपट म्हणजे ७६८ किलोहर्ट्झ. टाळ्यांच्या ट्रॅकलाही तो मान मिळू द्या. काही प्लगिनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग फक्त एक्सपोर्टच्या वेळी लावायची सोय असते. तिकडे बघू नका. घुमारा देणारा रिव्हर्बही प्रत्येक ट्रॅकवर स्वतंत्र टाका, आणि शक्यतो कन्व्होल्यूशनचा (खऱ्या जागेच्या नोंदीवरून घुमारा मोजणारा), चार सेकंदांच्या शेपटीचा. एफएक्स ट्रॅकवर (इफेक्टसाठीच्या वेगळ्या ट्रॅकवर) एकच रिव्हर्ब ठेवून बाकीच्यांच्या आवाजाची प्रत सेंडने तिथे पाठवली तर ३० जागी होणारं काम एकदाच होतं; शिवाय सगळी वाद्यं एकाच जागेत वाजल्यासारखी वाटतात, ते वेगळंच संकट.

जुने फुकट प्लगिन असतील तर एक दुर्मीळ आनंद मिळतो. गाणं थांबतं, सगळीकडे शांतता होते, आणि नेमका तेव्हा सीपीयूचा मीटर वर उसळतो. हे भूत नव्हे, डिनॉर्मल संख्या. रिव्हर्बची किंवा फिल्टरची शेपटी विरत जाते तसे आकडे लहान लहान होत साधारण १०च्या उणे ३८व्या घाताच्याही खाली उतरतात, आणि प्रोसेसरला ती क्षुल्लक संख्या हाताळायला साध्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. नीट लिहिलेले प्लगिन अशा संख्येला सरळ शून्य धरतात. खात्री करायची तर साखळीच्या सुरुवातीला उणे १२० डेसिबलच्या आसपासचा, ऐकूच न येणारा नॉइज सोडून बघतात. मीटर शांत झाला की चोर सापडला. तुम्ही मात्र शांततेत मीटर उसळला की लॅपटॉपच्या वयाकडे बोट दाखवा.

विंडोजला हातही लावू नका. पॉवर प्लॅन 'बॅलन्स्ड'वर असू द्या, म्हणजे प्रोसेसर जरा रिकामा झाला की पेंगतो आणि ढोलाचा पहिला ठोका पडला की दचकून उठतो. यूएसबीचं 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' (रिकामं उपकरण झोपवण्याची सोय) चालू ठेवा. चार्जर काढून बॅटरीवर मिक्स करा. लॅपटॉप गादीवर ठेवा, खालच्या जाळ्या पूर्ण झाकल्या जातील असा. आत १०० अंशांच्या आसपास पोचलं की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. हा उपाय विशेषतः एप्रिल-मेमध्ये, पत्र्याखालच्या खोलीत, पंखाही बंद ठेवून (माइकमध्ये आवाज येतो ना) करावा. इंटरफेस थेट पोर्टला लावायचा नाही, हबला लावायचा. त्याच हबवर डोंगल (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची यूएसबी काडी), सॅम्पलची (इथे वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांची) हार्ड डिस्क आणि चार्जिंगचा फोन असावा, आणि वरून माइकला वीज पुरवणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर चालू असावी.

'लेटन्सीमॉन' नावाचं एक चहाडखोर सॉफ्टवेअर आहे, ते दहा मिनिटं चालवलं की कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतोय त्याचं नावच सांगतं. 'एनडीआयएस' वर आलं तर नेटवर्क, म्हणजे बहुधा वायफाय. 'एनव्हीएल'ने सुरू होणारं नाव आलं तर एनव्हिडियाचं ग्राफिक्स. 'एसीपीआय' आलं तर बॅटरी आणि पॉवरचा कारभार. डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय बंद करून पुन्हा मोजलं तर कित्येकदा तिथेच निकाल लागतो. पण मग मिक्स करताना व्हॉट्सॲपवर मंडळाच्या अध्यक्षांचे "झालं का?" कसे दिसणार? राहू द्या चालू.

अँटिव्हायरसमध्ये प्लगिनचं व्हीएसटी३ फोल्डर, सॅम्पलचं फोल्डर आणि प्रोजेक्टचं फोल्डर यांना तपासणीतून सूट देता येते. ती देऊ नका. टेलिग्रामवरून उतरवलेला फुकटचा महागडा प्लगिन टाकताना मात्र, सोबतच्या सूचनेत लिहिल्याप्रमाणे, अख्खा अँटिव्हायरस विश्वासाने बंद करा. प्रोजेक्ट 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवा, म्हणजे प्रत्येक टेक रेकॉर्ड होता होता वनड्राइव्ह तो ढगात चढवत राहील. कोन्टॅक्टची (रेकॉर्ड केलेली वाद्यं वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरची) ढोल-ताशाची लायब्ररी ५४०० आरपीएमच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवरच असावी. कोन्टॅक्ट प्रत्येक सॅम्पलची फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवतो आणि उरलेलं वाजता वाजता डिस्कवरून ओढतो. ४० ढोल एकदम वाजले की डिस्कची सुई कुठे कुठे धावणार?

एवढं करूनही कुणी शहाणा मित्र आला आणि म्हणाला, "आपण निम्मे ट्रॅक बंद करून बघू", तर त्याला चहा पाजून परत पाठवा. निम्मे बंद केले आणि कडकड थांबली तर दोषी त्या निम्म्यांत; त्यातले पुन्हा निम्मे चालू. ८० ट्रॅकमधून एक गुन्हेगार शोधायला या पद्धतीने फार तर सात फेऱ्या लागतात. त्यातही हा मित्र प्लगिन नुसते बायपास करत नाही, पूर्ण बंद करतो, कारण बायपास केलेला प्लगिन कित्येकदा आतून गणित करतच राहतो. सापडलेला जड सिंथ (सूर तयार करणारा प्लगिन) तो फ्रीझ करतो: ट्रॅकची ऑडिओ फाइल बनते, प्लगिनचं ओझं उतरतं, आणि बदल करायचा झाला तर पुन्हा मोकळा करता येतो. असल्या माणसाच्या नादी लागलात तर चार वर्षं जुना लॅपटॉप आणखी चार वर्षं चालेल.

खरी पद्धत अशी: बफर, ड्रायव्हर, विंडोजचं अपडेट, प्लगिनची नवी आवृत्ती आणि बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर), सगळं एकाच रात्रीत बदला. फरक पडला तर कशाने पडला ते कळणार नाही. न पडला तर आता मागे जाता येणार नाही. सकाळी नव्या लॅपटॉपच्या ऑर्डरला कुणीही हरकत घेत नाही. नवा आला की जुन्यावरचे प्लगिनचे लायसन्स न सोडवताच तो फॉरमॅट करून विका, मग तोच प्रोजेक्ट, तोच हब, तोच ६४ आणि मास्टरवरचे तेच नऊ प्लगिन नव्यावर थाटा.

आणि मंडळाचा माणूस पेन ड्राइव्ह घेऊन दारात उभा राहिला की एक्सपोर्ट करताना 'रिअल-टाइम'वर (गाणं वाजता वाजता फाइल बनवण्यावर) आठवणीने टिक करा. साध्या एक्सपोर्टला कसलीच मुदत नसते. तो सवडीने, लागेल तेवढा वेळ घेऊन गणित करतो आणि फाइल स्वच्छ निघते. इतके दिवस सांभाळलेली कडकड स्पीकरच्या भिंतीपर्यंत पोचायची असेल तर हा एक चौकोन विसरून चालणार नाही.