पाच शॉट हुकले की हात गेला? कोणी सांगितलं?

फुटबॉलच्या गोव्यात बास्केटबॉल बघणारे मुळात मूठभर, त्यात पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजायच्या वेळेला उठून एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, लावणारे आणखी कमी. एवढ्याशा लोकांत पण फॉरवर्ड फिरतोच. आता तो फोंड्याच्या माझ्या भाच्यापर्यंत पोचला म्हणून हे लिहितोय. मेसेजमध्ये चार गोष्टी आहेत. थ्रीवर (लांबून मारलेल्या तीन पॉइंटच्या शॉटवर) जगणारी टीम प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) मरते. प्ले-इनमधून (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या मॅचमधून) आलेली टीम पाहुणी, लगेच घरी जाते. सलग पाच शॉट हुकले की शूटरचा हात गेला, त्याला बॉल देऊ नका. आणि लीग गुपचूप बॉल बदलते. खाली 'खरा फॅन असाल तर पुढे पाठवा'.

पहिल्यात अर्धं खरं आहे, मान्य करतो बाबा. २०१८ ला ह्यूस्टन रॉकेट्स वेस्टच्या (पश्चिम विभागाच्या) फायनलच्या सातव्या मॅचला सलग २७ थ्री हुकले आणि गेले. बोस्टन सेल्टिक्सनी २०२५ च्या प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्ध पहिल्याच मॅचला ६० थ्री मारले, त्यातले ४५ घालवले, वीसची लीड घेऊन हरले. पण याच सेल्टिक्सनी २०२४ ला लीगमध्ये सगळ्यात जास्त थ्री मारून कप नेला, प्लेऑफच्या १९ पैकी १६ मॅच जिंकून. ते मेसेजमध्ये नाही, सोयीचं नसणार.

माझं डोकं फिरलं ते तिसऱ्यावर. भाचा अकरावीत, टीममध्ये शूटर म्हणूनच घेतलाय त्याला. परवा बघितलं तर कॉर्नरला एकटा उभा, डिफेंडर चार हात लांब, बॉल आला तर हा रिंगकडे बघतसुद्धा नाही, दोन टप्पे देऊन आत घुसला आणि तिघांच्या मध्ये सापडून बॉल घालवला. विचारलं तर म्हणे, "मामा, आधीचे सगळे गेले ना, मग आता कशाला मारू?" अरे, तू मारणार नाहीस हे कळलं की तुझा डिफेंडर तुला सोडून पेंटमध्ये (रिंगखालच्या भागात) जाऊन उभा राहतो, मग तुमचा उंच पोरगा आत लेअप (रिंगजवळचा सोपा शॉट) कुठून टाकणार? शूटर हुकला तरी टीमला जागा मिळते, मारायचंच बंद केलं तर ती पण गेली.

आता साधा हिशोब करा. ३६ टक्के थ्री घालणारा म्हणजे लीगमध्ये ठीकठाक शूटर. त्याचे कुठलेही पाच शॉट घ्या, पाचही हुकायची शक्यता दहा टक्क्यांच्या वर. दहा मारले तर दोन किंवा त्याहून कमी आत जायचे प्रसंग साधारण चार मॅचमागे एकदा येणारच, हात शाबूत असताना. ४ नोव्हेंबर २०१६ ला गोल्डन स्टेटचा स्टेफ करी लेकर्सविरुद्ध दहा थ्रीपैकी शून्य होता, पुढच्याच मॅचला १३ थ्री, तेव्हाचा रेकॉर्ड. त्याच्याच टीमचा क्ले थॉम्पसन २०१८-१९ च्या मोसमात पहिल्या सात मॅचमध्ये ३६ पैकी ५, आठव्या मॅचला शिकागोत १४, तो रेकॉर्ड आहे. मेसेजवाला कोच असता तर दोघेही बेंचवर टॉवेल घेऊन बसले असते.

आणि हे मी मनाचं सांगत नाही. १९८५ ला गिलोविच, वलोन आणि ट्वर्स्की यांनी फिलाडेल्फियाच्या टीमचे शॉट तपासले, आधीचा शॉट गेला की हुकला यावरून पुढच्याचं काहीच ठरत नव्हतं. शंभर फॅनना विचारलं तर ९१ जण छातीठोकपणे म्हणाले की ठरतं! आता कोणीतरी येऊन सांगेल की २०१८ ला मिलर आणि सान्हुर्हो यांनी त्या हिशोबातली चूक दाखवली. हो, दाखवली, हात थोडाफार गरम होत असेलही. पण पाच हुकले म्हणून हात कायमचा गेला, हे त्यांनीही म्हटलेलं नाही.

प्ले-इनचं तर विचारूच नका. मायामी २०२३ ला पहिली प्ले-इन मॅच अटलांटाकडून हरली, दुसरी कशीबशी काढली. नियमित मोसमात थ्री ३४.४ टक्के, लीगमध्ये २७ वा नंबर. म्हणजे पूर्ण मोसम स्लंप (शॉट न लागण्याचा काळ) म्हणा ना! आणि त्यांनी सगळ्यात चांगला रेकॉर्ड असलेल्या मिलवॉकीला पहिल्याच राउंडला ४-१ ने काढलं आणि थेट फायनल गाठली. तिथे डेन्व्हरकडून हरले ते सोडा, पाहुणे बरेच दिवस राहिले.

राहिला बॉल. २००६ ला लीगने खरंच बदलला होता, चामड्याचा काढून सिंथेटिक आणला. बोटं कापतात म्हणून प्लेअरनीच एवढा आरडाओरडा केला की १ जानेवारी २००७ पासून जुना परत आणावा लागला. गुपचूप म्हणे!