बाकीची माणसं काढून टाका म्हणणाऱ्यांना

मराठी सिनेमाप्रेमींच्या ग्रुपांवर एक मजकूर बरेच दिवस फिरतोय. त्याचा सारांश असा: सिनेमाला तीनच माणसं लागतात, सांगणारा, टिपणारा आणि दिसणारा. शेवटी पडद्यावर सरकणारी दोनशे नावं ही खोगीरभरती आहे. फाळक्यांनी एकट्याने सिनेमा काढला. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आवाज मागाहून डबिंगमध्ये बसवता येतो. एकाने दोन कामं केली तर बिघडत नाही. युनियनच्या धाकाने घ्यावी लागणारी ही माणसं कमी केली, की मराठी सिनेमा आपोआप तरेल.

मी बरीच वर्षं डिरेक्शन टीममध्ये काम केलंय, त्यातही जास्त करून कंटिन्युइटीचं, म्हणजे एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटशी जुळतंय ना हे पाहण्याचं. या मजकुराला लाइक देणाऱ्यांत माझे मित्रही आहेत, आणि त्यांना सिनेमा मनापासून आवडतो. म्हणूनच एकेका मुद्द्याचं उत्तर द्यावंसं वाटलं.

सुरुवात फाळक्यांपासून, कारण दादासाहेबांचं नाव घेतलं की पुढचं काहीही खपतं. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात लागला. त्याचा कॅमेरा फाळक्यांनी स्वतः चालवला नव्हता. त्यासाठी त्र्यंबक तेलंग होते, त्यांना फाळक्यांनी ते काम शिकवलं होतं. आणि सरस्वतीबाई फाळके? मंडळींचा स्वयंपाक त्यांचा, कपडे धुणं त्यांचं. कच्च्या फिल्मला कडेने भोकं पाडायची, रसायनं कालवायची, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उजेड नटांच्या चेहऱ्यावर परतवायचा, हेही त्यांनी केलं. आजच्या युनिटच्या भाषेत सांगायचं तर केटरिंग, ड्रेस डिपार्टमेंट, लॅब आणि बाउन्स धरणारा लाइटमन ही सगळी कामं त्या एकट्या बाईंच्या अंगावर होती. 'एकट्याने सिनेमा काढला' हे वाक्य त्यांना वगळल्याशिवाय उच्चारताच येत नाही. माणूस कमी केला म्हणून काम कमी होत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडतं, आणि बहुधा अशाच्या, ज्याला ते येत नाही किंवा ज्याला त्याचे पैसे मिळत नाहीत.

१९२९ साली कोल्हापुरात प्रभात उभी राहिली तेव्हा हे जाणणारीच माणसं एकत्र आली होती. व्ही. शांताराम दिग्दर्शनात, धायबर कॅमेऱ्यात, फत्तेलाल कलादिग्दर्शनात, बोलपट आल्यावर दामले ध्वनीत, आणि पैशाचा व्यवहार सीतारामपंत कुलकर्ण्यांकडे. वेगवेगळी खाती सांभाळणारे पाच जण त्या कंपनीचे मालक होते. 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला तो यातल्याच ध्वनीच्या आणि कलेच्या माणसांनी, म्हणजे दामले-फत्तेलालांनी. मराठी सिनेमाचा सोन्याचा काळ म्हणून ज्याचा दाखला आपण देतो, तो पडद्यामागच्या खात्यांनी घडवलेला आहे.

मग फोनचा मुद्दा. फोनवर सिनेमा होतो, यात वाद नाही. २०१५ चा 'टँजरीन' हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. तो आयफोन ५एसवर चित्रित झाला, पण फोनवर खास लेन्स अडॅप्टर बसवून. आणि संवाद फोनच्या माइकवर सोडले नव्हते, व्यावसायिक साधनांवर वेगळे घेतले होते. कॅमेरा लहान झाल्याने कॅमेऱ्याभोवतीची काही माणसं खरंच कमी होतात. पण तेवढ्याने रस्त्यावरची रहदारी थांबत नाही की नटीच्या साडीवरचा डाग निघत नाही.

कॅमेऱ्याभोवतीचंही सगळं कमी होत नाही. फोकस पुलरचं काम घ्या. लेन्सचा फोकस नटावर टिकवणारा, म्हणजे 'हा नुसता एक चक्र फिरवत उभा असतो' म्हणून ज्याची थट्टा होते तो माणूस. ८५ मिलिमीटरची लेन्स १.४ ॲपर्चरला, म्हणजे तोंड खूप उघडं, फुल फ्रेम म्हणजे मोठा सेन्सर, नटी दोन मीटरवर. अशा शॉटमध्ये धारदार दिसणारा पट्टा जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा असतो. डोळा नेमका आणि कान धूसर, इतका अरुंद. आता ती बोलता बोलता उठते, दोन पावलं पुढे येते आणि थबकते. तालमीत ती जिथे थांबली तिथे जमिनीवर टेपची खूण आहे, पण प्रत्यक्ष टेकमध्ये ती भावनेच्या भरात अर्धी वीत पुढे थांबते. फोकस पुलरने ती कुठे थांबणार हे तिच्या खांद्यावरून आधी ओळखायचं असतं. चुकला तर तिचा आयुष्यातला सर्वांत चांगला टेक धूसर होतो, आणि डीआयमध्ये, म्हणजे नंतर संगणकावर रंग-उजेड सुधारताना, कितीही पैसे ओतले तरी तो खऱ्या अर्थाने परत येत नाही. फोनचा ऑटोफोकस चेहरा शोधतो. पण या क्षणी दोन चेहऱ्यांपैकी कुणाकडे बघायचं आणि दुसऱ्याकडे कधी वळायचं, हे त्याला कथा माहीत नसल्याने कळत नाही.

डबिंगबद्दलच्या मुद्द्यात हिशेबच उलटा आहे. सेटवर साउंडची माणसं घेतली नाहीत तर पैसे वाचतात, असं समजलं जातं. पण संवाद मागाहून डब करायचे म्हटले की जागेवरचा बाकीचा आवाजही जातो: पावलं, बांगड्या, दाराची कडी, जेवणाच्या ताटातला चमचा, गादीवर बसताना कापडाची सळसळ. हे सगळं नव्याने उभं करायला फोली आर्टिस्ट लागतो, त्याचं रेकॉर्डिंग करणारा लागतो, ते चित्राला जुळवणारा एडिटर लागतो. स्टुडिओचं तासाचं भाडं, नटांच्या पुन्हा तारखा, हे वेगळंच. म्हणजे सेटवरची दोन-तीन माणसं वाचवून पुढे पाच-सहा लागतात, आणि इतकं करून नटाने त्या दिवशी घेतलेला श्वास हाती येत नाही. २००१ च्या 'लगान'ने भुजजवळ, एवढा मोठा जमाव समोर असताना सिंक साउंडचा, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळीच जागेवर आवाज घेण्याचा, हट्ट धरला तो याचसाठी, आणि त्याच्या ध्वनीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सिंक साउंडची माणसं काय करतात ते बाहेरून दिसत नाही, कारण त्यांचं निम्मं काम आवाज बंद करण्याचं असतं. पंखा बंद, शेजारच्या घरातला फ्रीज विनंती करून बंद, जनरेटर गल्लीच्या पलीकडे नेऊन तिथून केबल ओढलेली. रेशमी साडीत लपवलेला लेपल माइक पदर हलला की खरखरतो, म्हणून तो कुठे आणि कशाने चिकटवायचा हे साउंड आणि ड्रेस डिपार्टमेंटने मिळून ठरवायचं. लांब काठीवर माइक धरणाऱ्या बूमवाल्याला अख्खा संवाद पाठ लागतो, नाहीतर माइक बोलणाऱ्याकडे वळेपर्यंत पहिला शब्द गेलेला असतो. पॅकअप म्हणायच्या आधी सगळं युनिट अर्धा-एक मिनिट चिडीचूप उभं राहतं आणि त्या खोलीची शांतता रेकॉर्ड होते. संवादांचे तुकडे जोडताना मधल्या फटी तिनेच भरतात.

माझ्या कामाबद्दलही सांगते, कारण 'कंटिन्युइटी आता मोबाइलच्या फोटोंवर होते' असं त्या मजकुरात एक स्वतंत्र वाक्य आहे. समजा, नायिका वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्याचा दरवाजा ढकलून आत येते. आतली खोली मात्र गोरेगावच्या फिल्मसिटीत लावलेली आहे आणि तिचं शूटिंग तीन आठवड्यांनी आहे. पडद्यावर हे एका सेकंदात घडतं. दरवाजा तिने डाव्या हाताने ढकलला की उजव्या, पिशवी कोणत्या खांद्यावर होती, पदर ओला कुठपर्यंत होता, उंबरठा ओलांडताना तिने श्वास सोडला होता की धरला होता? फोटोत पदर मिळतो. हालचाल, तिचा वेग आणि ती कोणत्या शब्दावर झाली हे फोटोत मिळत नाही. 'आई' म्हणताना कप उचलला की म्हणून झाल्यावर, हे वहीत नसेल तर एडिटरला कट करायला जागाच उरत नाही. मग तो नाइलाजाने कमी चांगला टेक वापरतो आणि प्रेक्षकाला नटी त्या प्रसंगात कच्ची वाटते.

एकाने दोन कामं करण्याच्या मुद्द्यावर मला राग येतो आणि तो लपवायची इच्छा नाही. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात 'रस्ट'च्या सेटवर तालमीच्या वेळी नटाच्या हातातल्या पिस्तुलातून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रणकार हलिना हचिन्स गेल्या. शस्त्रं सांभाळणाऱ्या तरुणीकडे त्याच सिनेमात प्रॉपर्टीचंही, म्हणजे प्रसंगात लागणाऱ्या वस्तू सांभाळण्याचंही, काम होतं. तिचा दोष न्यायालयात सिद्ध झाला, २०२४ मध्ये तिला शिक्षा झाली, आणि ते योग्यच. पण शस्त्रांच्या माणसाला दुसऱ्या कामाला जुंपण्याचा निर्णय खर्चाच्या कागदावर झाला होता.

त्याआधी २० फेब्रुवारी २०१४ रोजी जॉर्जिया राज्यात एका युनिटने रेल्वेच्या पुलावर शूटिंग केलं. रेल्वे कंपनीने परवानगी नाकारली होती. लोकेशन मॅनेजरला ते माहीत होतं आणि तो त्या दिवशी आला नाही. त्याच्याविना काम रेटलं गेलं, गाडी आली, आणि सारा जोन्स ही २७ वर्षांची कॅमेरा असिस्टंट मेली. आपल्याकडे १९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री चेन्नईजवळच्या एका फिल्मसिटीत क्रेन कोसळून तिघे गेले. तिघेही पडद्यामागचे. 'सरकणाऱ्या नावां'मधले.

युनियनच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. संघटनांनी दारं बंद ठेवली, हे खरं. मेकअप पुरुषांनी करायचा आणि बायकांनी फक्त केस करायचे, हा मुंबईतल्या संघटनेचा नियम मोडायला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. चारू खुराना यांच्या खटल्यात १० नोव्हेंबर २०१४ रोजी तो रद्द झाला. नावांच्या यादीतही काही नावं निव्वळ आभारापोटी असतात, सहनिर्माते कधी कधी गरजेपेक्षा जास्त असतात. तेवढं मान्य. पण यादी लांब होते ती मुख्यतः व्हीएफएक्समुळे, म्हणजे संगणकावर केलेल्या दृश्यांमुळे. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० फ्रेम, आणि नटीच्या मागचं आकाश बदलायचं तर केसांची कड जवळपास प्रत्येक फ्रेममध्ये कुणीतरी तपासलेली असते. त्या मुलामुलींची नावं छोट्या अक्षरांत चार रांगांत जातात. ती युनियनने घुसवलेली नाहीत. आणि युनियन नसत्या तर काय झालं असतं, हे विचारायचं असेल तर बारा तासांच्या शिफ्टनंतर सामान उतरवून, पुन्हा ट्रक भरून, पहाटेच्या लोकलने घरी जाणाऱ्या लाइटमनला विचारावं. संसदेने १९८१ सालीच सिने-कामगारांसाठी लेखी कराराचा कायदा केला होता. माझ्या पहिल्या काही सिनेमांत मला असा कागद कुणी दाखवलाही नाही.

आता कुणी एआयचं नाव काढेल, म्हणून थोडक्यात: पटकथेचं ब्रेकडाउन, म्हणजे कोणत्या प्रसंगाला काय लागेल याची यादी, शेड्यूलचा पहिला आराखडा, यात ती साधनं मदत करतात आणि आम्ही ती वापरतो. कोकणात ऐन शूटिंगला पाऊस आला की उरलेला दिवस कोणत्या प्रसंगावर वाचवायचा, आणि ते नटाला चिडू न देता कसं सांगायचं, हे चीफ असिस्टंटच, म्हणजे दिग्दर्शकाचा मुख्य सहायकच, ठरवतो.

राहिला मराठी सिनेमा तरण्याचा प्रश्न. बजेट लहान आहे, हे मला रोज दिसतं. ज्या निर्मात्याला माणसं खरंच कमी करायची आहेत, त्याने ती पटकथेत कमी करावीत. रात्रीचे बाह्य प्रसंग काढले की मोठे लाइट, जनरेटर आणि ते हाकणारी माणसं कमी होतात. गर्दी काढली की ज्युनियर आर्टिस्ट, त्यांचे कपडे आणि जेवण कमी होतं. लोकेशन आठावरून तीनवर आणलं की प्रवासाचे दिवस वाचतात. दोन खोल्या आणि एक अंगण, दिवसाउजेडी घडणारी गोष्ट पंचवीस माणसांत नीट होते, आणि मी अशा युनिटमध्ये आनंदाने काम केलंय. त्या पंचवीसांत साउंडची दोन माणसं, एक फोकस पुलर, एक ड्रेसदादा, दोन स्पॉटदादा आणि कंटिन्युइटीची वही धरणारी एक मुलगी होती.