वसंताला तासाभराची परवानगी

आमच्या गोठ्यात वसंत ऋतू आल्याची पहिली बातमी दुधाच्या गाळणीत सापडते. झाडांना पालवी फुटण्याआधी आणि पाखरे घरट्यासाठी काड्या जमवू लागण्याआधी, एके दिवशी सकाळी गाळणीच्या जाळीवर दोन आखूड, तांबूस केस दिसतात. दुसऱ्या दिवशी ते दहा होतात, आणि आठवडाभरात अशी अवस्था येते की गोठ्यातून घरात आलेला माणूस आणि गोठ्यात राहिलेली गाय यांच्यात, अंगावरच्या केसांपुरते बोलायचे तर, फारसा फरक उरत नाही. हिवाळ्यासाठी वाढवलेली दाट लव जनावरे उकडते म्हणून टाकत नाहीत, दिवस मोठा होऊ लागला म्हणून टाकतात. त्यामुळे बाहेर हाडांत शिरणारा वारा सुटलेला असतानाही माझी पाचही गुरे खांबांना पाठ घासत उभी असतात, आणि मी दोन स्वेटर घालून, हातात खरारा घेऊन, त्यांची थंडीची कपडे उतरवण्याच्या कामाला लागलेला असतो.

कवी या ऋतूची आतुरतेने वाट पाहतात यात नवल नाही. त्यांच्याकडे गुरे नसतात. चार-पाच गुरांच्या मालकाचा प्रश्न वसंत येण्याचा नसतोच, कारण तो न बोलावता येतो. आलेल्या वसंताला आणखी दोन-तीन आठवडे दाराबाहेर थोपवून कसे धरायचे, हा खरा प्रश्न असतो.

जमिनीची ऊब पाच-सहा अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचली की गवत हलू लागते. ही गोष्ट मला पुस्तकात वाचून आणि तापमापक जमिनीत खुपसून कळते; गुरांना ती गोठ्याच्या बंद दाराआड, नाकाने कळते. त्या दिवसापासून वाळल्या वैरणीवर बहिष्कार सुरू होतो. आमची चंद्री चौदा वर्षांची, गोठ्यातली सर्वांत थोरली; तिचा निषेध सर्वांत सुसंस्कृत असतो. ती गव्हाणीतून वैरणीची एक काडी उचलते, ती दातांत धरून खिडकीबाहेरच्या हिरव्या झाकेकडे बराच वेळ पाहते, आणि मग माझ्याकडे पाहत ती काडी अलगद खाली सोडते. बाकीच्यांना एवढा धीर नसतो. त्या सरळ हंबरतात. शेजारचे अण्णा कुंपणावर कोपरे टेकून म्हणतात, "गवत आलंय की हो छान. सोडत का नाही? बिचारी केव्हाची ओरडतायत." अण्णांकडे फक्त एक मांजर आहे.

सोडत नाही याला कारणे आहेत, आणि ती मी अण्णांना दरवर्षी सांगतो. हिरवे दिसणारे गवत प्रत्यक्षात चार बोटेही वाढलेले नसते, आणि ते वीतभर होण्याआधी गुरे आत घातली तर मुळांना पुन्हा उभे राहण्यापुरतीही पाती उरत नाही. शिवाय रानाला वाफसा आलेला नसतो. साडेचारशे किलोची गाय चार खुरांवर त्या ओल्या मातीतून चालली की प्रत्येक पावलागणिक एक खड्डा पडतो, त्यात पाणी साचते, आणि पुढचा सगळा उन्हाळा त्या खड्ड्यांत पाय मुरगळून घेण्याचे काम माझ्याकडे येते. तिसरे आणि खरे कारण गाईच्या पोटात असते. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात शंभर लिटरहून अधिक माल मावतो आणि तो पचवण्याचे काम तिथे वस्तीला असलेले अगणित सूक्ष्मजीव करतात. हा सारा कर्मचारीवर्ग हिवाळाभर वाळल्या वैरणीवर नेमलेला असतो, आणि त्याला हिरव्याच्या खात्यात बदली करून घ्यायला दोन ते तीन आठवडे लागतात. बदलीची घाई केली तर काय होते, हे ज्याने एकदा पाहिले आहे तो पुन्हा घाई करत नाही.

इकडे वैरणीची गंजी मात्र घाई करत असते. निम्मा हिवाळा सरला तेव्हा निम्मी गंजी शिल्लक असली पाहिजे, हा जुन्या माणसांचा हिशेब मला पाठ आहे; अडचण एवढीच की तो मला निम्मा हिवाळा सरल्यानंतर आठवतो. मार्ग एकच उरतो: उरलेल्या पेंढ्या रोज मोजायच्या, आणि मोजल्याने त्या वाढत नाहीत याचा रोज नव्याने विषाद करायचा. शेणाच्या उकिरड्याबद्दल मी फार बोलणार नाही. एक गाय दिवसाला पंचवीस किलोच्या आसपास शेण टाकते, जनावरे पाच आणि गोठ्यात काढलेले दिवस एकशे वीस, म्हणजे पंधरा टन. हा गुणाकार मी फक्त एकदा केला आणि त्या दिवशी फावडे हातात धरवेना.

या सगळ्या धामधुमीत गौरीला विण्याची वेळ येते. गाईचे दिवस नऊ महिने आणि वर नऊ-दहा दिवस, असा हिशेब सगळे सांगतात. परंतु दिवस आणि घटका ठरवण्याचा अधिकार गाय स्वतःकडे राखून ठेवते, आणि ती घटका, माझ्या अनुभवाप्रमाणे, पहाटे तीनची असते. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातल्या गस कोनेफाल नावाच्या एका शेतकऱ्याने १९७० च्या दशकात यावर एक तोड प्रचारात आणली. गाभण गाईंना वैरण रात्री उशिरा टाकली, तर बहुसंख्य गाई दिवसाउजेडी वितात. हे वाचल्यापासून मी गौरीला रात्री दहा वाजता जेवू घालू लागलो. तथापि, माझा कोनेफालांवर पूर्ण विश्वास नव्हता. गौरीची कास भरली होती, सड तुकतुकीत झाले होते, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडले होते. म्हणून मी रात्री दहाला वैरण टाकून घरी न जाता, तिथेच घोंगडी पांघरून पेंढीवर बसलो. पहिली रात्र गेली, दुसरी गेली, तिसरी आणि चौथीही गेली. मी डुलक्या घेत होतो आणि गौरी शांतपणे रवंथ करत माझ्याकडे पाहत होती. आमच्या दोघांपैकी दिवस कोणाचे भरले आहेत, असा प्रश्न एखाद्या परक्या माणसाला पडला असता.

पाचव्या दिवशी भर दुपारी मी "अर्धा तास पाठ टेकतो" असे सांगून घरी गेलो, तो सौ.ने खांदा हलवला तेव्हा साडेचार वाजले होते. "अहो, उठा, वासराने तुमची घोंगडी खाल्ली," ती म्हणाली. खाल्ली नव्हती, फक्त चोखली होती. कोनेफालांची पद्धत तंतोतंत यशस्वी झाली होती आणि ती यशस्वी होताना पाहायला मी तेवढा हजर नव्हतो.

वासराला पहिल्या दोन तासांत चीक पाजावा, कारण दिवसभरात त्याच्या आतड्यांची चिकातली रोगप्रतिकारक द्रव्ये शोषण्याची दारे बंद होतात, हे मी झोपेतही म्हणून दाखवीन. तीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात तीनेक लिटर चीक पोटात जायला हवा. वासराला मात्र चोखायचे असते ते सडाखेरीज सगळे. त्याने घोंगडी चोखली, माझे कोपर चोखले, गोठ्याचा खांब चोखला, गौरीचा गुडघा चोखला. मी माझे बोट त्याच्या तोंडात घातले, ते त्याला पसंत पडले. बोट हळूहळू सडाजवळ नेऊन, ऐन वेळी काढून घेऊन सड पुढे केला, तेव्हा त्याने फसवणूक ओळखून माझ्या बाहीचे बटण पकडले. चौदा प्रयत्नांनंतर एकदाचा सड तोंडात गेला, शेपटी गरगर हलू लागली, आणि गौरीने एवढा वेळ रोखून धरलेला पान्हा सोडला. ते बटण नंतर मिळाले नाही.

गुरे सोडण्याच्या आदल्या दिवशी कुंपण तपासावे लागते. तारेतून सेकंदाला एकदा विजेचा ठोका जातो; तार चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी गवताची लांब काडी तारेवर टेकवायची आणि हलकी मुंगी येईपर्यंत हात हळूहळू पुढे सरकवायचा, ही जाणत्या माणसांची युक्ती आहे. काडी वाळलेली असावी, हे त्यांनी मला सांगितले नव्हते. तार चालू होती. चंद्रीने रवंथ थांबवून तो प्रकार खिडकीतून पाहिला आणि मग पुन्हा सुरू केले.

आणि अखेर तो दिवस उगवला. सकाळी मी सर्वांना पोटभर वैरण घातली, कारण उपाशी गाय कोवळ्या गवतावर सोडणे म्हणजे आपणहून संकटाला पाचारण करणे. झपाट्याने वाढलेल्या गवतात मॅग्नेशियम कमी असते आणि त्यापायी दुभती गाय झोकांड्या खाऊन पडू शकते, म्हणून खनिज मिश्रणही चाटवले. परवानगी फक्त एका तासाची होती. दावी सुटली, दार उघडले. चंद्री उंबऱ्यावर थांबली, तिने उन्हाकडे पाहून डोळे किलकिले केले, एक पाऊल टाकले, दुसरे टाकले, आणि मग त्या चौदा वर्षांच्या, हिवाळाभर गुडघे दुखतात म्हणून माझ्याकडून जास्तीचे अंथरूण वसूल करणाऱ्या बाईंनी शेपटी आभाळात उभारून, मागचे दोन्ही पाय हवेत झाडून, अशी दौड मारली की मी दारामागे सरकलो. तिच्या मागे हरणी, तिच्यामागे ढवळी, मग तांबू कालवड. कास इकडून तिकडे झोके घेत होती, चिखल माझ्या चष्म्यापर्यंत आला. गौरी तेवढी वासरामुळे मागे राहिली. तिने आईपणाची जबाबदारी आणि कोवळे गवत यांचा क्षणभर विचार केला आणि वासराला माझ्याकडे सोपवून तीही गेली.

सोडणे सोपे असते. तासाभराने परत आणणे, हा वसंताचा खरा घाट.

हिवाळाभर पेंडीच्या बादलीचा नुसता कडीचा आवाज झाला तरी ज्यांनी दार मोडायचे बाकी ठेवले होते, त्यांच्यासमोर मी तीच बादली वाजवत उभा राहिलो. एकीनेही मान वर केली नाही. जनावराच्या खांद्यामागे तोलाची एक जागा असते, तिच्या मागे उभे राहिले तर ते पुढे सरते आणि पुढे गेले तर मागे वळते, हे अमेरिकेतील पशुविज्ञान तज्ज्ञ टेंपल ग्रँडिन यांच्या कामामुळे जगभरच्या गुराख्यांना माहीत झाले आहे, आणि मी ते तत्त्व पूर्ण निष्ठेने अमलात आणले. मी हरणीच्या खांद्यामागे गेलो. ती पुढे सरली, म्हणजे आणखी चांगल्या गवताकडे. मी पुढून गेलो. ती वळली आणि मागचे गवत खाऊ लागली. तत्त्वात काही चूक नव्हती; हरणी त्याप्रमाणेच हलत होती, फक्त गोठा कोणत्याही दिशेला येत नव्हता. गाईला जवळजवळ तीनशे तीस अंशांत सभोवतालचे दिसते, त्यामुळे मी मागून दबकत जाण्यात अर्थ नव्हता. नेमक्या तिच्या शेपटीमागच्या आंधळ्या पट्ट्यातून गेलो तर लाथेची हमी होती. अण्णा कुंपणावर कोपरे टेकून म्हणाले, "कशाला आणताय आत? किती मजेत आहेत!"

एका तासाच्या परवानगीची अंमलबजावणी व्हायला दोन तास दहा मिनिटे लागली. शेवटी युक्ती वासराची चालली. सौ.ने वासराला गोठ्याच्या दारात आणले, ते केविलवाणे ओरडले, गौरी धावत आली, ती आत गेली म्हणून चंद्रीला आत काहीतरी विशेष मिळत असावे असा संशय आला, आणि तिच्या संशयामागे बाकीचा कळप निमूटपणे आला.

त्या रात्री मी पाच डाव्या कुशींकडे पाहत बसलो. पोट फुगू लागले की पहिल्यांदा डावी भकाळी, म्हणजे कमरेच्या हाडापुढचा तो खोलगट भाग, भरून येतो आणि टिचकी मारली तर ढोलासारखा वाजतो. मी दर अर्ध्या तासाला टिचक्या मारत फिरत होतो. पोटे ठीक होती. शेण मात्र सगळ्यांचे पातळ झाले होते, कारण वसंतातल्या गवतात पाचातले चार भाग पाणीच असते. धारेला बसलो तेव्हा हरणीने माशी हाकलण्याच्या निमित्ताने शेपटी फिरवली आणि ती ओल्या, हिरव्या अवस्थेत माझ्या गालावरून, कानामागून, मानेभोवती गेली. नुकत्याच आलेल्या वसंताचा एवढा निकट परिचय मला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने झाला नसता.

पुढे रोज वेळ थोडा थोडा वाढवत गेलो. तिसऱ्या आठवड्यात दिवसभराची मुभा मिळाली. मी गोठा धुतला, भिंतींना चुना लावला, गव्हाणी कोरड्या केल्या, आणि उरलेल्या दोन पेंढ्या माळ्यावर टाकल्या. सकाळी गुरे गेली. मी दार सताड उघडे ठेवून, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा, काहीही न करता ओट्यावर बसलो.

दहा मिनिटांत पाऊस आला, थंडगार, तिरपा. पाचही जणी बादली न वाजवता, कोणी न बोलावता, एका ओळीत परत आल्या आणि ताज्या चुन्याला अंग घासत आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. चंद्रीने गव्हाणीत तोंड घातले, ती रिकामी पाहिली, आणि माझ्याकडे वळून असा हंबरडा फोडला की मी भिजतच शिडी शोधायला गेलो. माळ्यावरून काढलेली ती पेंढी तिने काडी न काडी वेचून संपवली.