स्कॅग्वेला जहाज लागल्यावर रेल्वेने जावे की रस्त्याने?

अलास्काच्या क्रूझला निघालेल्या ओळखीच्या मंडळींकडून मला एक प्रश्न हमखास येतो. जहाज स्कॅग्वे बंदराला लागले की हाताशी एकच दिवस असतो; त्या दिवसात व्हाइट पासच्या जुन्या रेल्वेने डोंगरावर जावे, की त्याच खिंडीतून जाणाऱ्या क्लॉन्डाइक महामार्गाने बसने जावे? मी हे दोन्ही प्रवास केले आहेत. पहिल्या खेपेस सासूबाई बरोबर होत्या, तेव्हा रेल्वेने गेलो; दुसऱ्या खेपेस नवरा, मुलगा आणि मी असे तिघे एका छोट्या बसने गेलो. त्या अनुभवावरून माझे मत ठाम झाले आहे. कॅनडात शिरण्याची कागदपत्रे हातात असतील आणि दोन्हींपैकी एकच गोष्ट करायची असेल, तर रस्ता निवडावा. बहुतेक सगळे याच्या उलट सल्ला देतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच जरा सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी नकाशा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. लिन कॅनाल नावाचा समुद्राचा लांब फाटा डोंगरांत जिथे संपतो, तिथे स्कॅग्वे हे जेमतेम हजारभर वस्तीचे गाव आहे. १८९६ मध्ये कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, क्लॉन्डाइकच्या खोऱ्यात सोने सापडले आणि पुढच्या दोन वर्षांत हजारो माणसे या किनाऱ्यावर उतरली. कॅनडाच्या पोलिसांनी वर्षभराची शिधासामग्री बरोबर असल्याशिवाय पुढे सोडायचे नाही असा नियम केला होता. त्यामुळे माणशी जवळपास एक टन ओझे या खिंडीतून वर चढवावे लागे. त्या चढणीत सुमारे ३,००० घोडे आणि खेचरे मेली, आणि ज्या घळीत ती पडली तिला आजही ‘डेड हॉर्स गल्च’ असेच म्हणतात. मे १८९८ मध्ये रेल्वेचे काम सुरू झाले आणि जुलै १९०० मध्ये वाटेवरच्या कारक्रॉस या गावी शेवटचा खिळा ठोकून युकॉनमधल्या व्हाइटहॉर्स गावापर्यंतचा १७७ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. रुळांमधले अंतर फक्त ३ फूट ठेवले, कारण मार्ग जितका अरुंद तितका कडा कमी फोडावा लागतो आणि वळणे आखूड घेता येतात.

या रेल्वेची सहल म्हणजे स्कॅग्वेहून खिंडीच्या माथ्यापर्यंत जाऊन परत, अशी सुमारे ६४ किलोमीटरची आणि साधारण पावणेतीन तासांची फेरी. गाडी जाताना ३२ किलोमीटरमध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे ८७३ मीटर चढते. आम्ही गेलो तेव्हा सासूबाई ७६ वर्षांच्या होत्या. डब्यात बसण्याची सोय उत्तम होती, खिडक्या मोठ्या होत्या, आणि दोन डब्यांच्या मधल्या उघड्या कठड्याशी उभे राहून वारा अंगावर घेता येत होता. जाताना डावीकडे बसलो होतो आणि ते फार बरे झाले, कारण दरीचा बहुतेक देखावा त्याच बाजूला आहे. वाटेत एके ठिकाणी मोठ्या दगडावर काळा क्रूस उभा दिसतो. ऑगस्ट १८९८ मध्ये सुरुंगाच्या स्फोटात निखळलेल्या त्या प्रचंड शिळेखाली दोन मजूर गाडले गेले, आणि ती हलवणे शक्य नसल्याने तोच दगड त्यांची समाधी ठरला. निवेदकाने हे सांगितल्यावर सासूबाईंनी खिडकीतून हात जोडले आणि पुढची काही मिनिटे त्या बोलल्याच नाहीत. माथ्याच्या अलीकडे सोने शोधायला निघालेल्या माणसांची पायवाटही दिसते. खडकावर उमटलेली ती वीतभर रुंदीची रेघ पाहून, यावरून माणसे पाठीवर पोती घेऊन गेली, हे खरेच वाटत नाही.

इथपर्यंत रेल्वेला तोड नाही. पण माथ्यावर पोचलो तेव्हा बाहेर ढगांशिवाय काहीही नव्हते. एका बाजूला अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या निशाणांचे खांब अंधुक दिसत होते, तेवढेच. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला आले, बाकांच्या पाठी उलट्या फिरवल्या गेल्या, सगळ्यांनी एकमेकांशी बाजू बदलल्या आणि गाडी आली तशी खाली निघाली. त्या दिवशी मला वाटले, की आमचे नशीब नव्हते. दुसऱ्या खेपेस रस्त्याने गेल्यावर कळले, की त्यात नशिबाचा भाग थोडाच होता.

समुद्रावरून येणारी ओली हवा या किनारी डोंगरांवर चढते, थंड होते आणि खिंडीच्या आसपास ढग होऊन अडते. माथा ओलांडून आत गेले की तीच हवा कोरडी झालेली असते. म्हणजे खिंडीच्या अलीकडचा प्रदेश दाट झाडीचा, धबधब्यांचा आणि पावसाचा. पलीकडचा खुरट्या झाडांचा, उघड्या खडकांचा, लांबलचक तळ्यांचा आणि मोकळ्या आकाशाचा. एकाच दिवसात हे दोन्ही प्रदेश पाहता येतात, हे या बंदराचे खरे वैशिष्ट्य आहे. रेल्वेची नेहमीची सहल मात्र नेमकी त्या उंबरठ्यावरून मागे फिरते.

दुसऱ्या खेपेसही सकाळी स्कॅग्वेत पाऊस होता आणि वर तसाच ढग होता. महामार्गाचा माथा रेल्वेच्या माथ्याहून उंच, सुमारे १,००० मीटरवर आहे. तिथे पाच-दहा मिनिटे आमची बस दिवे लावून संथ चालत होती. मग फ्रेझरचा कॅनडाचा तपासणी नाका आला, पासपोर्ट पाहून झाले, आणि तिथून पुढे ढग अक्षरशः मागे राहिला. टुट्शी तळ्याच्या काठाने जाताना समोर ऊन होते आणि मागे वळून पाहिले की डोंगरांच्या रांगेवर पांढरी गोधडी टाकल्यासारखी दिसत होती. मुलगा तोवर गप्प बसून होता. तो उठून चालकाच्या मागच्या सीटवर जाऊन बसला.

कारक्रॉसजवळ वाळूच्या टेकड्यांचा अडीच-पावणेतीन चौरस किलोमीटरचा एक तुकडा आहे. हिमयुगानंतर तिथे असलेले मोठे हिमनदीचे तळे आटले आणि त्याच्या तळाची वाळू वाऱ्याने रचली जाऊन हा पट्टा तयार झाला. त्यापुढे थोड्या अंतरावर, स्कॅग्वेपासून सुमारे १२० किलोमीटरवर, एमराल्ड लेक आहे. त्याच्या तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा चिकट थर आहे, आणि उथळ पाण्यातून त्या थरावरून परतणाऱ्या उजेडामुळे काठाजवळ पाचूसारखा हिरवा आणि खोलात गडद निळा असे रंगांचे पट्टे दिसतात. हा रंग छायाचित्रात खोटा वाटतो, म्हणून मी तो आधी खरा मानला नव्हता. आम्ही तिथे वीस मिनिटे थांबलो. एक ढग सूर्यावरून सरकला तेव्हा हिरवा पट्टा विझल्यासारखा राखाडी झाला आणि ढग जाताच कडेपासून आतवर पुन्हा उजळत गेला. मुलाच्या बुटांतून कारक्रॉसची वाळू तिथल्या रस्त्यावर सांडत होती, आणि तो हे बदल मोजत उभा होता. आपल्या मनाने थांबता येणे, खाली उतरता येणे आणि एखाद्या गोष्टीकडे तिचा रंग पालटेपर्यंत पाहता येणे, हे रेल्वेत होत नाही. रेल्वेत देखावा आपल्या समोरून जातो आणि छायाचित्र घ्यावे तोवर मध्ये झाड आलेले असते.

आणखी एक गोष्ट मला रस्त्यावरूनच समजली. महामार्ग दरीच्या एका भिंतीवर आहे आणि रूळ समोरच्या भिंतीवर. रेल्वेत बसून रेल्वे दिसत नाही. रस्त्यावरच्या थांब्यावरून समोर पाहिले तेव्हा कड्यावर नखाने ओढलेल्या ओरखड्यासारखा तो मार्ग दिसला आणि त्यावरून काड्यापेटीएवढे डबे सरकताना दिसले. पिचफोर्क धबधब्याच्या अगदी जवळून आम्ही पहिल्या खेपेस गेलो होतो, पण तो डोंगरावरून कुठून निघून कुठे जातो हे पलीकडच्या रस्त्यावरून पहिल्यांदा कळले. तो मार्ग कोणी आणि कसा कोरला असेल याचा अंदाज मला डब्यात बसून आला नव्हता, तो इथे आला.

हे सगळे लिहिले तरी रेल्वे कोणी घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. १९८२ मध्ये युकॉनमधल्या खाणी बंद पडल्यावर ही रेल्वे थांबली होती, आणि १९८८ पासून ती प्रवाशांच्या जिवावरच चालते आहे. ती चालत राहावी असे मला मनापासून वाटते. शक्य असेल तर एका बाजूने रेल्वे आणि दुसऱ्या बाजूने बस, फ्रेझरला बदल करून, अशी जोडसहल घ्यावी. ती महाग पडते, पण दरीच्या दोन्ही भिंती पाहायला मिळतात. ज्यांचा जहाजाचा मुक्काम थोड्या तासांचा आहे, ज्यांना वळणावळणाच्या रस्त्याने मळमळते, किंवा ज्यांना बसमधून वारंवार चढउतार झेपत नाही, त्यांनी निःशंकपणे रेल्वे घ्यावी. माथ्यापर्यंतच्या त्या फेरीत कोणी गाडीतून उतरत नसल्याने तिला पासपोर्टही लागत नाही.

रस्त्याच्या सहलीला मात्र कागदपत्रांवर सगळे अवलंबून आहे. ज्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो त्यांनी तो आधीच काढायला हवा. परतताना आपण पुन्हा अमेरिकेत शिरतो, त्यामुळे अमेरिकेचा व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागतो. आमच्या बसला एक जोडपे आले होते. त्यांचे पासपोर्ट जहाजावर कार्यालयात जमा होते, हे त्यांना धक्क्यावर उतरल्यावर आठवले. बस त्यांच्यासाठी थांबू शकली नाही. मला ते आजही आठवले की वाईट वाटते, कारण आदल्या संध्याकाळी एका चौकशीत ते काम झाले असते.

घड्याळाचेही भान ठेवावे. उन्हाळ्यात युकॉनची वेळ अलास्काच्या एक तास पुढे असते, आणि सीमा ओलांडताच आमचे फोन आपोआप तासभर पुढे सरकले. परतीच्या वाटेवर नवऱ्याने फोन पाहिला आणि जहाज सुटायला चाळीसच मिनिटे उरली असे समजून त्याच्या पोटात गोळा आला. मुलाने मनगटावरचे साधे घड्याळ दाखवले तेव्हा कुठे तो खाली बसला. जहाजातर्फे घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते, स्वतः बाहेरून ठरवलेल्या सहलीसाठी सहसा थांबत नाही. म्हणून बाहेरची बस ठरवताना परतीची वेळ जहाज सुटण्याच्या निदान दोन तास आधीची असावी, एवढा आग्रह मी धरते.

यंदा माझ्या जाऊबाई निघाल्या आहेत. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि कॅनडाचा व्हिसा काढायला आता वेळ उरलेला नाही, त्यामुळे त्यांना मी रेल्वेच घ्यायला सांगितले आहे. जाताना डावी बाजू धरा, आणि काळा क्रूस येईल तेव्हा सासूबाईंच्या वतीने एकदा हात जोडा, असेही सांगून ठेवले आहे.