तासाला किती, का एकराला किती?

"माझं हेड तासाला साडेचार लिटर डिझेलच्या वर जात नाही," असं ट्रॅक्टरमालक गणेश आपल्या ट्रॅक्टरबद्दल म्हणाला, आणि पाथरीच्या स्टँडजवळच्या आमच्या कट्ट्यावर दुसरा कुठला विषयच उरला नाही. दहा मिनिटांत चहाचे कप गार झाले आणि आवाज चढले.

बाळूनं पहिला आक्षेप घेतला. बाळू दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. नांगरट, रोटा (रोटाव्हेटर), पाळी (दात्यांच्या अवजारानं वरवरची मशागत), पेरणी आणि हंगामात ऊस, सगळी कामं करतो. "साडेचार? कशाला साडेचार? रिकामी ट्रॉली घेऊन फिरायलास का? नांगराला सहा-सात लागतेत तासाला. माझा मालक बी असंच म्हणतो, अमक्याचा चारमध्ये होतो अन् तुलाच सहा कसे लागतेत. म्हंजे म्या डिझेल विकायलो का?"

हा शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. माझं कृषी सेवा केंद्र आहे, दिवसभर शेतकरी, मालक, ड्रायव्हर तिघांचंही ऐकतो. ट्रॅक्टरनं डिझेल जास्त खाल्लं की पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. भाड्यानं काम करून घेणाऱ्या शेतकऱ्याला वाटतं मालकानं लुबाडलं. मालकाला वाटतं कंपनीनं फसवलं. आणि मोजलेलं कुणीच नसतं.

रशीदभाई मेस्त्री आतापर्यंत गप्प होते. त्यांनी गणेशला एवढंच विचारलं, "तास कशावर मोजतोस? घड्याळावर का ट्रॅक्टरच्या मीटरवर?"

"मीटरवर. रानात घड्याळ कोण बघतंय?"

"मेख तिथंच हाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांना नवीन होतं. डिजिटल मीटर घड्याळाप्रमाणे तास मोजतो. पण जुन्या पद्धतीच्या, केबलवर चालणाऱ्या मीटरला वेळ कळत नाही, तो इंजिनचे फेरे मोजतो. एका ठरावीक वेगाला त्याचा तास खरा असतो, आणि तो वेग कंपनीगणिक वेगळा. समजा तुमचा मीटर दीड हजार फेऱ्यांना खरा तास दाखवतो. तुम्ही ट्रॅक्टर दोन हजारावर चालवला, तर घड्याळात साठ मिनिटं होतात तेव्हा मीटरवर ऐंशी मिनिटं पडलेली असतात. डिझेल गेलं सहा लिटर, तास दिसतो एक आणि वर वीस मिनिटं. भागाकार केला की आलं साडेचार.

"म्हंजे गणेशचे साडेचार अन् बाळूचे सहा, दोन्ही एकच," रशीदभाई म्हणाले. "उलट जो जास्त रेस देतो त्याचा मीटर जास्त पळतो, अन् त्याचाच ॲव्हरेज चांगला दिसतो."

गणेश थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मंग मोजावं तरी कसं?"

मी म्हटलं, तासच सोडून द्या. शेतकऱ्याला तास नको असतो, त्याला रान हवं असतं. टाकी गळ्यापर्यंत भरायची, काम करायचं, परत त्याच सपाट जागी उभा करून गळ्यापर्यंत भरायची. जेवढं बसलं तेवढं लागलं. त्याला एकरांनी भागायचं. यात ना मीटर खोटा बोलतो ना माणूस.

पंचेचाळीसच्या आसपासच्या हॉर्सपॉवरला आपल्या काळ्या भारी रानात काय पडतं, ते आम्ही सगळ्यांनी मिळून जुळवलं. दोन फाळी पलटी नांगराला एकर व्हायला दीड ते दोन तास जातात, कारण नांगराची एक ओळ पडते जेमतेम अडीच फूट रुंद. डिझेल आठ ते बारा लिटर. रोट्याला एकरी एक तास आणि पाच ते सात लिटर. नऊ दात्यांची पाळी अर्ध्या तासात होते, अडीच ते साडेतीन लिटरमध्ये. यावर फार वाद झाला नाही. झाला तो आठ आणि बारा यांच्यातल्या फरकावर. एकरी चार लिटर म्हणजे, डिझेल नव्वद धरलं तरी, तीनशे साठ रुपये. पाच एकर नांगरणाऱ्याचे अठराशे. हे जातात कुठं?

"कंपनी," गणेश म्हणाला. लाल चांगला का निळा, हा आमच्याकडचा कधी न मिटणारा वाद. मला तो फुकट वाटतो. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे, तिच्या चाचणी अहवालात एवढ्या ताकदीला किती डिझेल जळालं हे लिहिलेलं असतं. पूर्ण भारावर बहुतेक ट्रॅक्टरांना तासाला दर हॉर्सपॉवरमागे पाव लिटरच्या थोडं आत डिझेल लागतं. म्हणजे पंचेचाळीसचा ट्रॅक्टर खरोखर जीव तोडून तासभर ओढत राहिला तर दहा लिटरच्या घरात पितो, मग रंग कुठलाही असो. कंपनीकंपनीत फरक आहे, पण आठाचे बारा होतील एवढा नाही. 2023 पासून पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांची इंजिनं बदलली, ती गोष्ट वेगळी. आपल्या कट्ट्यावर पन्नासच्या वरचा कुणाकडे नाही.

दत्ता अण्णा सगळ्यांत वडीलधारे. ते म्हणाले, "अरे, रानाला इचारा की. आमच्या वेळंला लोखंडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुपायचे. एका घरी एवढे बैल कुठले? इर्जिक घालायची, चार घरचे बैल एकत्र आणायचे. त्या बैलांची दमछाक बघून कळायचं रान किती जड हाय ते. आता तुमाला कळतच नाही, कारण दमतंय ते इंजिन."

अण्णांचं हे बोलणं मला सगळ्यांत खरं वाटलं, म्हणून मी कागदावर आकडे मांडले. एकर म्हणजे चार हजार चौरस मीटरपेक्षा थोडं जास्त. सहा इंच खोल नांगरलं तर सहाशे घनमीटर माती उचलून पालथी केली. एक घनमीटर माती सव्वा ते दीड टनाच्या मध्ये धरा. म्हणजे एका एकरात जवळपास आठशे टन माती हलते. नऊ इंच नांगरलं की बाराशे टन. शेतकरी बांधावर उभा राहून म्हणतो, "अजून थोडा दाब की," आणि त्या थोड्यात चारशे टन माती वाढलेली असते. खालची माती वरच्यापेक्षा दबलेली आणि कडक, त्यामुळे खर्च दीडपटीवर थांबेलच असं नाही.

"पण कुंद्याचं तण असल्यावर खोलच जावं लागतंय," अण्णा म्हणाले. "वरून वरून नांगरून कुंदा मरत नसतो."

बरोबर आहे. कुंदा, हराळी असलेल्या पट्ट्यात खोल जायलाच हवं. पण ज्या रानात कुंदा नाही तिथं दरवर्षी नऊ इंच कशासाठी? दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट आणि मधल्या वर्षी पाळीवर भागवणं, हे शिफारशीत कधीचंच आहे. सोयाबीनच्या रानात तर मला दरवर्षीची खोल नांगरट निव्वळ हौस वाटते. शेजाऱ्याची ढेकळं मोठी दिसली की आपली पण मोठी हवीत, यात डिझेल जळतं.

यावर अण्णा चिडले. ढेकूळ तापल्याशिवाय रान सुधारत नाही, हे त्यांचं जन्मभराचं मत. मी म्हटलं, तापू द्या, पण नांगरायचं कधी ते बघा. आपली काळी माती ओली असली की फाळाला चिकटते, वाळली की विटेसारखी होते. या दोहोंच्या मधे वापसा असतो तेवढ्यातच ती फाळापुढं सुटी होते. पीक निघाल्यावर ओल आहे तोवर नांगरलं तर तेच रान कमी डिझेलमध्ये होतं आणि पुढचा अख्खा उन्हाळा तापायला मोकळा असतोच. आपण करतो काय? एप्रिल संपेपर्यंत थांबतो, भेगांत हात जाईल एवढं रान वाळलं की सगळे एकाच आठवड्यात ट्रॅक्टरवाल्याच्या दारात.

"माझी बी अडचण समजून घ्या," गणेश म्हणाला. "फेब्रुवारीत हेड उसाला असतंय. अन् शेतकऱ्याकडं तेव्हा पैसा नसतो." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर आणि नांगरटीचा ट्रॅक्टर आपल्याकडे एकच आहे, त्यामुळे वापसा गेल्यावरच नांगर रानात येतो.

उसाचा विषय निघाला तसा बाळू बोलता झाला. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत रात्र रात्र जाते. थंडीत ड्रायव्हर इंजिन बंद करत नाहीत. एक तर टेपला करंट हवा, आणि दुसरं म्हणजे बॅटरी उतरलेली. बंद केलं आणि रांग पुढं सरकली तर दोन भरल्या ट्रॉल्यांसकट धक्का कोण मारणार? उभ्या जागी चालू इंजिन तासाला साधारण एक लिटर पितं. रोजचा एक तास धरला तरी नव्वद रुपये. नवी बॅटरी सहा हजाराला धरली तर सत्तर दिवसांच्या आत तिची किंमत निघते. मालक बॅटरीला पैसे देत नाही आणि डिझेलला देत राहतो, याचं बाळूला वाईट वाटतं आणि मलाही.

मग रशीदभाई आणि बाळू यांचं रेसवरून जुंपलं. बाळूचं म्हणणं, रेस कमी केली की इंजिन गुदमरतं. रशीदभाईंचं म्हणणं, हलक्या कामाला वरचा गिअर टाकायचा आणि रेस कमी ठेवायची. पाळीला आणि रिकाम्या ट्रॉलीला पूर्ण रेसची गरजच नसते.

"गुदमरतंय का नाही ते कळणार कसं?" बाळूनं विचारलं.

"चालत्या कामात एकदम रेस दाब. इंजिन उचललं अन् फेरे वाढले, तर गिअर बरोबर हाय, परत रेस कमी कर. उचललंच नाही अन् काळा धूर सोडायला लागलं, तर एक गिअर खाली ये."

"अन् रोट्याला?"

"रोट्याला नाही. तिथं पीटीओला, म्हंजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, त्याचे फेरे द्यावेच लागतात, नाहीतर ढेकूळ फुटायचं नाही अन् परत फिरवावं लागंल."

काळ्या धुरावर रशीदभाईंचं एक वाक्य मी लिहून ठेवलं: "तो धूर नाही, न जळालेले पैसे आहेत." पाळीच्या धुळीत एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल चिखल होतं, इंजिनला हवा मिळत नाही, डिझेल अर्धवट जळून बाहेर पडतं. त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या ट्रॅक्टरांची ती वाटी महिनोन्महिने उघडलेली नसते, असं ते म्हणाले. साफ करायला दहा मिनिटं लागतात.

चाकाचं सांगताना त्यांनी बाळूकडून खडू मागवला आणि समोर उभ्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर एक रेघ मारली. नांगर वर उचलून चाक दहा फेरे फिरू द्यायचं आणि किती लांब गेलो ते मोजायचं. या मापाच्या टायरला ते साधारण चाळीस मीटर येतं. मग नांगर खाली सोडून परत दहा फेरे. समजा बत्तीसच मीटर गेलो, तर आठ मीटर चाक नुसतं जागेवर घासलं. शंभरात वीस. आठ ते पंधराच्या दरम्यान ठीक, त्याच्या वर डिझेल आणि टायर दोन्ही जातं. उपाय कुणाला न परवडणारे नाहीत. मागच्या टायरात पाणी भरा, वजनं लावा, रस्त्यासाठी टच्च भरलेली हवा रानात जाताना कंपनीनं सांगितली तेवढीच ठेवा. टायरच्या गोट्या झिजल्या असतील तर मात्र खर्चाशिवाय इलाज नाही.

गणेश एवढा वेळ ऐकत होता. तो म्हणाला, "हे समदं म्या केलं, अन् शेतकरी म्हणला खोल दाब, तर? भाव एकरावर ठरलेला. त्याला सहा इंच अन् नऊ इंच सारखंच."

हा प्रश्न खरा होता. एकराचा भाव एकच असेल तर ट्रॅक्टरवाला वर वर नांगरून निघून जातो, आणि तासाचा असेल तर कुणालाच घाई नसते. डिझेल शेतकऱ्याचं आणि भाडं मालकाचं असा सौदा झाला तर ड्रायव्हरनं गिअर जपावा कुणासाठी? शेवटी ठरलं ते असं. सहा इंचाचा एक भाव, नऊ इंचाचा वेगळा, दोन्ही काम सुरू व्हायच्या आधी बोलायचे. नांगराच्या पहिल्या दोन ओळींनंतर न नांगरलेल्या काठावर पट्टी आडवी ठेवून खोली मोजायची, शेतकऱ्यासमोर. आणि बाळूसाठी मी एक गोष्ट धरून बसलो: ड्रायव्हरला रानाप्रमाणे एकरी डिझेल ठरवून द्यायचं, वही ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवायची, आणि त्यातून वाचलं तर निम्मं त्याचं.

पहिल्या दोन गोष्टी गणेशनं लगेच मान्य केल्या. तिसरीवर तो म्हणाला, "माझ्या ड्रायव्हरला देतो. पण बाळूच्या मालकाला कोण सांगणार?" रशीदभाई म्हणाले, त्याचा ट्रॅक्टर सोमवारी सर्व्हिसिंगला यायचाच आहे, तेव्हा मी बोलतो. अण्णांना मात्र दोन भाव पटले नाहीत. नऊ इंचाला जास्त पैसे मागितले तर लोक कुंदा तसाच ठेवतील, असं ते उठेपर्यंत सांगत होते.